विश्लेषण : बाराव्या वर्षी आई, घर आणि नावही बदललं, दत्तक सयाजीरावांना नव्या घराचा विश्वास कसा आला?

दत्तक मूल घ्यायचं ठरलं की लातूर असो वा नांदेड, नातेवाइकांचा पहिला सल्ला ठरलेला असतो. घ्यायचंच असेल तर तान्हं बाळ घ्या, कळतं मूल नको, त्याला तुमचा लळा लागणार नाही. या सल्ल्यामुळे सहा, आठ, दहा वर्षांची मुलं बालगृहात वाट बघत राहतात. ज्या घरांनी हिंमत करून असं मूल आणलेलं असतं, तीही पहिल्या काही महिन्यांत घाबरून जातात. मूल जवळ येत नाही, साध्या गोष्टीत खोटं बोलतं, उशीखाली बिस्किटं लपवतं, मायेनं जवळ घेतलं तर अंग आखडून घेतं. मग सल्ला देणारे नातेवाईक पुन्हा हजर होतात.

महाराष्ट्राच्या मातीत जन्मलेला एक मुलगा १८७५ साली, वयाच्या बाराव्या वर्षी दत्तक गेला. त्याचं गाव सुटलं, आई बदलली, नाव बदललं. पुढे तो बडोद्याचा महाराजा सयाजीराव गायकवाड म्हणून ओळखला गेला आणि त्यानं ६३ वर्षं राज्य केलं. राजवाड्यातलं दत्तक आणि आजच्या मध्यमवर्गीय घरातलं दत्तक यांत खूप फरक आहे. सयाजीरावांना अटॅचमेंटचा त्रास होता, असंही म्हणता येणार नाही. पण कळतं मूल नव्या घरात कशामुळे रुजतं आणि कशामुळे एकटं पडतं, हे त्यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसतं. ते नेमकं काय, हे समजून घेऊया.

कवळाण्याचा गोपाळ कोण होता?

सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळच्या कवळाणे गावात झाला. वडील काशीराव, आई उमाबाई. घर गायकवाड घराण्याच्या दूरच्या शाखेतलं, पण राहणी पूर्ण शेतकऱ्याची. मुलाचं नाव गोपाळ. आनंदराव हा थोरला भाऊ आणि संपतराव हा धाकटा.

बारा वर्षांचा होईपर्यंत गोपाळला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याचं जग म्हणजे शेत, जनावरं, भाऊ आणि गावातली माणसं. मूल दत्तक येतं तेव्हा ते कोरी पाटी घेऊन येत नाही, हे इथं लक्षात घ्यायला हवं. गोपाळच्या मागे बारा वर्षांचं आयुष्य होतं. त्यात त्याला ओळखणारी, त्याच्या आवडीनिवडी माहीत असणारी माणसं होती.

बडोद्याला मुलगा का हवा होता?

बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड १८७० मध्ये वारले. त्यांना मुलगा नव्हता. त्यांच्या पत्नी जमनाबाई तेव्हा गरोदर होत्या. खंडेरावांचे भाऊ मल्हारराव गादीवर बसले, पण जमनाबाईंना मुलगा झाला असता तर ती गादी त्यांना सोडावी लागली असती. त्यामुळे जमनाबाईंच्या जिवाला धोका असल्याची भीती होती. १८७१ मध्ये त्यांना मुलगी झाली, ताराबाई. पुढे जमनाबाई बडोदा सोडून पुण्याला राहिल्या.

मल्हाररावांचा कारभार वादग्रस्त ठरला. नोव्हेंबर १८७४ मध्ये ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग झाल्याचा आरोप झाला आणि चौकशी आयोग बसला. आयोगात एकमत झालं नाही, तरी एप्रिल १८७५ मध्ये ब्रिटिश सरकारनं गैरकारभाराचं कारण देऊन मल्हाररावांना पदच्युत केलं आणि मद्रासला पाठवलं. जमनाबाईंना बडोद्याला बोलावून दत्तक घेण्याची परवानगी देण्यात आली.

थोडक्यात, गोपाळ ज्या वाड्यात येणार होता तिथं मोठी माणसंच एकमेकांवर विश्वास ठेवत नव्हती. त्याची नवी आई विशीत होती, विधवा होती, स्वतः भीतीखाली काही वर्षं काढून परतली होती. तिच्या पदरात चार वर्षांचीही न झालेली मुलगी होती. दत्तकाची गोष्ट सांगताना मुलाच्या जखमेबद्दल बोललं जातं, पण घेणाऱ्या आईचंही काहीतरी हरवलेलं असतं. मूल होत नाही म्हणून अनेक वर्षं दवाखान्याच्या खेपा घातलेल्या आजच्या जोडप्यालाही हे लागू आहे.

२७ मे १८७५ रोजी काय घडलं?

काशीराव आपल्या मुलांना घेऊन बडोद्याला आले. तिथं मुलांना जमनाबाईंसमोर उभं करण्यात आलं. बडोद्याला कशासाठी आलास, असा प्रश्न प्रत्येकाला विचारला गेला आणि गोपाळनं न अडखळता राज्य करायला आलो असं सांगितलं, ही आठवण महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये आजही सांगितली जाते. निवड गोपाळची झाली. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधी झाला. गोपाळचा सयाजीराव झाला. १६ जूनला तो गादीवर बसला.

म्हणजे तीन आठवड्यांत बारा वर्षांच्या मुलाचं सगळं बदललं. हाक मारायचं नाव बदललं. आई म्हणून हाक कुणाला मारायची ते बदललं. गुजराती बोलणारं शहर आणि मराठी रीतीभाती पाळणारा दरबार, दोन्ही त्याला नवीन होते.

ही कथा साधारणपणे भाग्य उजळल्याची कथा म्हणून सांगितली जाते. पण मुलाच्या बाजूनं पाहिलं तर त्याच दिवशी त्यानं खूप काही गमावलंही होतं. दत्तकविधीच्या फोटोत सगळे हसत असतात आणि मूल गप्प असतं, हे आजही दिसतं. त्याला आनंद झाला नाही याचा अर्थ ते कृतघ्न आहे असा होत नाही. ते ज्यांना सोडून आलं, त्यांच्यासाठी त्याला रडू येत असतं, आणि या समारंभात ते रडू शकत नाही.

असं मूल लगेच विश्वास का ठेवत नाही?

याचं उत्तर सयाजीरावांच्या काळात कुणाकडे नव्हतं. ते दुसऱ्या महायुद्धानंतर मिळू लागलं. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी बेघर आणि अनाथ मुलांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल लिहिला. लहान मुलाला अन्नवस्त्राइतकीच एका ठरावीक, कायम जवळ असणाऱ्या माणसाची गरज असते, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडात आणि नंतर अमेरिकेत आई आणि बाळांचं निरीक्षण करून हा विचार पुढे नेला.

सोप्या भाषेत सांगायचं तर बाळ रडतं, कुणीतरी येतं, भूक भागते, भीती जाते. हे हजारो वेळा घडतं तेव्हा मुलाच्या मनात एक हिशेब पक्का होतो की मला गरज पडली की माणूस येतो. ज्या मुलासाठी कुणी आलं नाही, किंवा येणारी माणसं सतत बदलत गेली, त्याचा हिशेब उलटा होतो. मोठ्यांच्या भरवशावर राहायचं नाही, हे ते शिकतं. संस्थेत, रस्त्यावर किंवा मारझोडीच्या घरात हाच हिशेब त्याला वाचवत असतो.

नव्या घरात आल्यावर तो हिशेब एका दिवसात पुसला जात नाही. म्हणून मूल खाऊ साठवतं, कारण उद्या मिळेल याची त्याला खात्री नसते. ते मुद्दाम वस्तू फोडतं, कारण हे लोक मला कधी परत पाठवतात ते त्याला एकदाचं बघायचं असतं. काही मुलं अनोळखी पाहुण्याच्या मांडीवर जाऊन बसतात आणि आईपासून मात्र दूर राहतात. कुणाही मोठ्या माणसाला खूश करायचं, पण कुणा एकावर अवलंबून राहायचं नाही, ही त्यांची पद्धत असते.

गोपाळची स्थिती यापेक्षा बरी होती. पहिली बारा वर्षं त्याला स्वतःची माणसं मिळाली होती. एकदा विश्वास ठेवायला शिकलेलं मूल पुन्हा विश्वास ठेवू शकतं. ज्याला तो कधीच मिळाला नाही त्याला जास्त वेळ लागतो, हा फरक पालकांनी समजून घ्यायला हवा.

बडोद्यात कोणत्या गोष्टी जमून आल्या?

पहिली गोष्ट म्हणजे भाऊ. आनंदराव आणि संपतराव यांनाही बडोद्यात आणण्यात आलं. महाराजांसाठी जी खास शाळा सुरू झाली, तिथं सयाजीराव एकटे शिकत नव्हते. त्यांना गोपाळ म्हणून ओळखणारा सख्खा भाऊ त्यांच्यासोबत होता. संपतराव पुढे बॅरिस्टर झाले आणि बडोद्याच्या ग्रंथालय कामाशी त्यांचं नाव जोडलं गेलं. भावंडांना एकत्र ठेवणं किती महत्त्वाचं आहे, हे आजचे दत्तक नियमही मान्य करतात. सख्खी भावंडं शक्यतो एकाच घरात जावीत, असा त्यांचा आग्रह आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे एकच शिक्षक. १८७५ च्या अखेरीस एफ. ए. एच. एलियट या आयसीएस अधिकाऱ्याची शिक्षक म्हणून नेमणूक झाली. सुरुवातीला एलियट यांना हा मुलगा मंद वाटला. बारा वर्षांचा, अक्षरओळख नसलेला, अचानक मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांना सामोरा गेलेला मुलगा दुसरा कसा वाटणार? पण एलियट टिकून राहिले. साधारण सहा वर्षं रोज तोच शिक्षक, तीच वेळ. अभ्यासाबरोबर घोडेस्वारी, कुस्ती, मल्लखांब. ज्याला मंद म्हटलं गेलं, तोच मुलगा पुढे आयुष्यभर वाचत राहिला. अधिकार हाती आल्यावरही सयाजीरावांनी एलियट यांना अनेक वर्षं बडोद्याच्या सेवेत ठेवलं. त्या नात्याबद्दल यापेक्षा मोठा पुरावा शोधायची गरज नाही.

लातूर पॅटर्नच्या भागात हा मुद्दा विशेष लक्षात घ्यायला हवा. दत्तक आलेल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला दुसऱ्याच महिन्यात तीन ट्यूशन लावल्या जातात, कारण ते वर्गात मागे असतं. घाबरलेल्या मुलाच्या डोक्यात धडा शिरत नाही. आधी घर सुरक्षित वाटलं की अभ्यास मागून येतो. उलट क्रमानं फार क्वचित होतं.

तिसरी गोष्ट म्हणजे हळूहळू दिलेली जबाबदारी. दिवाण सर टी. माधवराव अल्पवयीन महाराजांच्या वतीनं राज्य चालवत होते. सत्ता हाती देण्याआधी १८८१ मध्ये त्यांनी सयाजीरावांना कारभारावर व्याख्यानांची मालिका दिली, ती पुढे पुस्तकरूपानंही आली. २८ डिसेंबर १८८१ रोजी, अठराव्या वर्षी, सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले. दत्तकविधीपासून इथपर्यंत साडेसहा वर्षं गेली.

चौथी गोष्ट जमनाबाई. नवी आई मुलापेक्षा दहा-अकरा वर्षांनीच मोठी होती. तिनं मुलाला बडोद्यात आणल्यावर त्याची साथ सोडली नाही. १८९८ मध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे २३ वर्षं, त्या सयाजीरावांच्या आयुष्यात होत्या. दरबारातली माणसं आली आणि गेली, रेसिडेंट बदलले, दिवाण बदलले. आई बदलली नाही.

या चार गोष्टींत कोणतीही जादू नाही. ओळखीचं माणूस सोबत, ठरलेला दिनक्रम, वय आणि तयारी पाहून दिलेली मोकळीक आणि न बदलणारे मोठे, एवढंच आहे. आजच्या दत्तक घरालाही हेच करायचं असतं, फक्त वाड्याऐवजी दोन खोल्यांत.

कोणत्या गोष्टी जड गेल्या?

सगळं चांगलंच झालं असं नाही. गादीवर बसून सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा नोव्हेंबर १८७५ मध्ये इंग्लंडचे युवराज भारतात आले. बारा वर्षांच्या सयाजीरावांना दागिन्यांनी मढवून मुंबईत त्यांच्या स्वागताला उभं करण्यात आलं. १८७७ च्या दिल्ली दरबारातही त्यांना हजर राहावं लागलं. मुलाला रुळायला वेळ हवा होता, पण राज्याला मिरवायला महाराजा हवा होता.

दत्तक घरांत याचंच छोटं रूप दिसतं. मूल घरी आलं की बारसं, सत्यनारायण, पन्नास पाहुणे, सोसायटीत पेढे. प्रत्येक पाहुणा मुलाला जवळ ओढतो, प्रश्न विचारतो, जुन्या आईबद्दल चौकशी करतो. पहिले काही आठवडे घर शांत ठेवावं, जेवण भरवणं आणि झोपवणं आई-वडिलांनीच करावं, असं समुपदेशक सांगतात ते यासाठीच. आपली माणसं कोण, हे मुलाला आधी कळू द्यावं लागतं.

नावाचाही प्रश्न होता. राजघराण्यात नाव बदलणं ही रीत होती. नऊ वर्षांनी, १८८४ मध्ये, कागलचा यशवंत कोल्हापूरला दत्तक गेला आणि शाहू झाला. राजर्षी शाहू तेव्हा दहा वर्षांचेही झाले नव्हते. आजच्या घरावर असं कोणतंही बंधन नाही. आठ वर्षांच्या मुलाकडे त्याच्या मागच्या आयुष्यातलं बहुतेक वेळा नाव एवढंच उरलेलं असतं. ते काढून घेण्याआधी त्याला विचारायला हवं.

मोठेपणी सयाजीराव कसे झाले?

बारा वर्षांपर्यंत अक्षर न पाहिलेल्या या माणसानं १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते संपूर्ण राज्यात नेलं. १९०४ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदाची स्थापना झाली. १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञाला बोलावून गावोगाव वाचनालयांचं जाळं विणलं. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर या तरुणाला कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली.

दत्तक झाल्यामुळे हे सगळं घडलं असं म्हणणं बरोबर होणार नाही. पण आपलं लहानपण कुठं गेलं, हे ते विसरले नाहीत एवढं त्यांच्या कामावरून दिसतं. शाळा नसलेल्या गावातून आलेल्या मुलानं राज्य हाती आल्यावर शाळेलाच महत्त्व दिलं.

मग दुःख संपलं का?

नाही. १८८० मध्ये तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. सासरी त्यांचं नाव चिमणाबाई ठेवण्यात आलं. १८८५ मध्ये त्या वारल्या. मुलगा फत्तेसिंह तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता. त्याच वर्षाच्या अखेरीस सयाजीरावांनी दुसरा विवाह केला. त्यांची प्रकृती खालावली, निद्रानाश जडला. १८८७ पासून उपचारासाठी आणि विश्रांतीसाठी त्यांच्या युरोपच्या वाऱ्या सुरू झाल्या.

चार मुलांपैकी तीन त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. १९०८ मध्ये फत्तेसिंहराव, १९१९ मध्ये शिवाजीराव, १९२३ मध्ये जयसिंहराव. फत्तेसिंहराव वारले तेव्हा त्यांचा मुलगा प्रतापसिंह काही महिन्यांचा होता. बापाविना राहिलेला हा नातूच पुढे वारस झाला. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी सयाजीरावांचं निधन झालं आणि बडोद्याच्या गादीवर प्रतापसिंहराव बसले.

दत्तक मूल सावरलं म्हणजे त्याच्या आयुष्यातलं दुःख कायमचं मिटतं, असं कुणी समजू नये. सावरणं म्हणजे दुःख आलं तरी माणूस कोलमडत नाही, कामाला लागतो, जवळच्यांना धरून राहतो. सयाजीरावांनी ते केलं.

मराठवाड्याला हा अनुभव नवा आहे का?

बडोद्याची गोष्ट दूरची वाटत असेल तर ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवावी. गणपती विसर्जनाची रात्र संपत होती आणि किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. अनेक मुलांच्या वाट्याला एका रात्रीत परकं घर आलं. काही मामाकडे गेली, काही चुलत्याकडे, काही आजीनं वाढवली. सुमारे १२०० मुलांना भारतीय जैन संघटनेनं शिक्षणासाठी पुण्याला नेलं.

या भागात आईबाप गेलेलं मूल नातेवाइकांकडे वाढणं नेहमीचं आहे. कागदोपत्री ते दत्तक नसतं, पण प्रश्न तेच असतात. मामीनं हाक मारली तरी दचकणारं मूल, ताटातली भाकरी संपवून दुसरी मागायला लाजणारं मूल अनेकांनी पाहिलेलं आहे. अशा मुलाला उपकाराची आठवण करून देणं सर्वांत घातक ठरतं. आपण इथं ठेवून घेतलेले आहोत, ही त्याची भीती त्यामुळे खरी ठरते.

आज कायदा काय सांगतो?

सयाजीरावांना निवडताना सरकार आणि दरबार यांची संमती घेतली गेली. आजच्या दत्तक नियमांनुसार पाच वर्षांवरील मुलाची स्वतःची संमती लागते. इतर महत्त्वाचे मुद्दे असे :

- दत्तकासाठी कारा या केंद्रीय संस्थेच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. दवाखान्यातून किंवा ओळखीतून बाँड पेपरवर लिहून मूल घेणं बेकायदा आहे.
- दत्तकाचा आदेश आता न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. हा बदल १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाला.
- मूल आणि पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचं अंतर लागतं. पती-पत्नीच्या वयाची बेरीज मुलाच्या वयानुसार तपासली जाते. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ती ८५ पेक्षा जास्त चालत नाही, आठ वर्षांवरील मुलासाठी ११० पर्यंत चालते. त्यामुळे वय झालेल्या जोडप्यांना मोठ्या मुलाचा मार्ग खुला राहतो.
- मूल घरी आल्यावर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाठपुरावा होतो. ही तपासणी म्हणून घाबरण्यापेक्षा अडचण सांगण्याची संधी म्हणून वापरावी. जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे समुपदेशनाची मागणी करता येते.

घरात रोज काय करावं?

विश्वास बसण्यासाठी मोठ्या भेटवस्तूंचा उपयोग होत नाही. छोटी वचनं उपयोगी पडतात. पाच वाजता शाळेच्या फाटकाशी येईन म्हटलं तर पाचला पाच कमी असताना उभं राहावं. उशीर होणार असेल तर आधी कळवावं. बाहेरगावी जाताना चोरून निघू नये, मूल रडलं तरी सांगून जावं आणि सांगितलेल्या दिवशी परत यावं.

मूल खाऊ लपवत असेल तर रागावू नये. एक डबा त्याच्या नावाचा करावा, त्यात शेंगदाण्याचा लाडू, चिवडा, बिस्किटं ठेवावीत आणि तो कधीच रिकामा पडू देऊ नये. काही महिन्यांनी मूल स्वतःच डब्याकडे बघणं सोडतं.

मूल जवळ येत नसेल तर ओढून घेऊ नये. शेजारी बसावं, केसांना तेल लावून द्यावं, सोबत भाजी निवडावी. स्पर्शाची वेळ मुलानं ठरवावी.

चूक झाली तर शिक्षा करताना एक वाक्य कधीही तोंडातून जाऊ नये, ते म्हणजे परत सोडून येण्याची धमकी. रागाच्या भरात एकदा बोललं गेलं तरी मुलाला ते वर्षानुवर्षं ऐकू येतं. बोललंच गेलं असेल तर त्याच दिवशी त्याच्यासमोर बसून माफी मागावी. मोठं माणूस चुकतं, माफी मागतं आणि तरीही घरातून जात नाही, हे पाहणं अशा मुलासाठी मोठी गोष्ट असते.

जुन्या आईचा, संस्थेतल्या ताईंचा, मित्रांचा विषय निघाला तर बदलू नये. फोटो असेल तर जपून ठेवावा. आणि सहा महिने उलटूनही मूल झोपत नसेल, स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. त्यात घराण्याची नाचक्की नाही.

कवळाण्याच्या गोपाळला सयाजीराव व्हायला विधीचा एक दिवस लागला, पण बडोदा त्याचं घर व्हायला कित्येक वर्षं गेली. आज मोठं मूल घरी आणणाऱ्या आई-वडिलांनी पहिल्या दिवाळीला हिशेब मांडू नये. चौथ्या-पाचव्या दिवाळीला मांडावा.